कर्नल इंटरफेसमधले पूर्णांक: प्रकल्प नोंदी, मकरपुरा, बडोदे

१६ जून २०२५

आजपासून सामाईक हेडर फाइल (सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या व्याख्यांची फाइल) हातात घेतली. पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते, म्हणजे नंतर येणाऱ्याला मला किंवा काकांना शोधत फिरायला नको.

आपली पेटी ट्रान्सफॉर्मरला लागते. तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान आणि तिन्ही फेजचा करंट मोजून साठवते. आत कॉर्टेक्स-एम४, म्हणजे ३२ बिटी एआरएम, आणि त्यावर काकांनी लिहिलेला छोटा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभ्याचा प्रोग्रॅम. नव्या पेटीत ६४ बिटी रिस्क-फाइव्ह प्रोसेसर येतोय. शिवाय बाहेरचे दोघं आहेत: सेटिंग करायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर, आणि सबस्टेशनातला गेटवे. हा गेटवे म्हणजे जुना इंडस्ट्रियल पीसी, अजून ३२ बिटी लिनक्सवर चालतो आणि बदलायला कुणी तयार नाही. कर्नलकडून आलेलं स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या आकड्यांचा गठ्ठा, त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे फील्ड) पेटीतला प्रोग्रॅम जसंच्या तसं केबलवर सोडतो, त्यामुळे चौघंही एकच हेडर इन्क्लूड करतात.

आणि त्या हेडरमध्ये इंट, लाँग, अनसाइन्ड (ऋण न होणारा) लाँग, कॅरॅक्टर, इनम (ठरावीक किमतींची यादी), पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असं सगळं सुखाने नांदतंय.

सी भाषेचं मानक फक्त किमान माप सांगतं: इंट निदान १६ बिट, लाँग निदान ३२ बिट. वरचं कम्पायलरची, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची, मर्जी. आपल्या चौघांत इंट सगळीकडे ४ बाइट, तिथे तक्रार नाही. लाँग मात्र एम४ वर ४, रिस्क-फाइव्हवर ८, ६४ बिटी विंडोजवर परत ४, गेटवेवर ४. पॉइंटर अनुक्रमे ४, ८, ८, ४. लाँगमध्ये पॉइंटर मावतो ही युनिक्सकडच्या माणसांची सवय. ६४ बिटी विंडोजवर ती मोडते. या तीन मांडण्यांना आयएलपी३२ (एम४ आणि गेटवे), एलपी६४ (रिस्क-फाइव्ह) आणि एलएलपी६४ (विंडोज) म्हणतात. आपल्याकडे तिन्ही आहेत.

हेडरमधल्या प्रत्येक लाँगवर खूण केली. बदललं काहीच नाही.

१८ जून

नावांवरून काकांशी सकाळ गेली. त्यांच्या हेडरमध्ये वर्ड, डीवर्ड आणि मध्येच यू३२ (३२ बिटी अनसाइन्ड). वर्ड म्हणजे इंटेलच्या परंपरेत १६ बिट आणि एआरएमच्या पुस्तकात ३२ बिट. विंडोजचा डीवर्ड १६ बिटी काळातलं नाव घेऊन आजही ३२ बिटांवर गोठलेला. ही नावं काढायचीच, यावर वाद नव्हता. वाद होता यू३२ चा.

"अगं, किती वर्षं यू३२ लिहितोय, कुणाचं काही अडलं नाही."

"काका, अडलं नाही कारण ते हेडर वाचणारे तुम्ही एकटेच होतात."

काका हसले. "बरं, मग आता तू वाच आणि तूच ठरव."

काका कलाभवनातले, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. युनिक्सवर हात बसला त्या काळी प्रत्येक घराची आपली नावं होती. बीएसडीत यू_इंट३२_टी, लिनक्समध्ये कर्नलच्या आत यू३२ आणि बाहेर दिसणाऱ्या हेडरमध्ये पुढे दोन अंडरस्कोअर लावलेलं यू३२. लिनक्सचं ते करणं समजण्यासारखं आहे. कर्नलचं हेडर ओढलं म्हणून वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये न मागता नवी नावं सांडू नयेत, आणि दोन अंडरस्कोअरची नावं मानकाने कम्पायलर-लायब्ररीवाल्यांसाठीच राखलेली आहेत. पण आपल्याला तेवढी सोवळ्याची गरज नाही. १९९९ च्या सी मानकाने पक्क्या मापाच्या प्रकारांचं एसटीडीइंट हेडर दिलं, आणि तेही ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या कम्पायलरनेसुद्धा द्यायलाच हवं असं सांगितलं. विंडोजकडे ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून आहे. चौघांकडे आयतं असताना पाचवं नाव कशाला काढायचं?

ठरलं: सीमेवर, म्हणजे कर्नल आणि बाहेरचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये, फक्त इंट८_टी ते इंट६४_टी आणि त्यांचे अनसाइन्ड जोडीदार. कर्नलच्या पोटात काकांनी यू३२ लिहिलं तरी माझी हरकत नाही.

त्याच हेडरमधल्या 'फास्ट' आणि 'मॅक्स' नावांच्या प्रकारांना सीमेवर बंदी. यूइंट_फास्ट१६_टी हा ६४ बिटी इंटेलवर जीलिबसीत ८ बाइटचा आणि मसलमध्ये ४ बाइटचा. एकच प्रोसेसर, दोन लायब्ररी, दोन मापं! नावातल्या १६ वर भरवसा ठेवणाऱ्याचं काय होईल ते होईल.

२४ जून

प्रकार बदलले की झालं, असं इंटर्नशिपला आलेल्या मुलाला वाटत होतं. त्याला 'झीज नोंद' हे स्ट्रक्ट कागदावर मांडायला लावलं. (झीज म्हणजे इन्सुलेशनच्या कागदाचं वय. साध्या कागदाचं वय ९८ अंशांच्या वर दर ६ अंशांना दुप्पट वेगाने सरतं, म्हणून ही बेरीज ६४ बिटी ठेवलीय.)

तीन फील्ड, या क्रमाने: क्रमांक यूइंट३२_टी, झीज यूइंट६४_टी, चॅनल यूइंट१६_टी. माप तर प्रत्येकाचं पक्कं. बेरीज १४ बाइट.

एम४ वर ६४ बिटी आकडा ८ च्या पटीतल्या पत्त्यावरच बसतो. म्हणून क्रमांक ० वर, ४ ते ७ रिकामं, झीज ८ वर, चॅनल १६ वर, आणि शेवटी ६ बाइट भर. एकूण २४. रिस्क-फाइव्हवर आणि विंडोजवर तेच. गेटवेवर मात्र ३२ बिटी इंटेलची लिनक्स एबीआय (मांडणीचे आणि कॉलचे नियम) चालते आणि तिथे स्ट्रक्टमधल्या ६४ बिटी आकड्याला ४ ची अलाइनमेंट, म्हणजे ४ च्या पटीतला पत्ता, पुरते. म्हणून झीज ४ वर, चॅनल १२ वर, एकूण १६.

पेटी २४ बाइट पाठवणार, गेटवे १६ चे घास घेणार. पहिल्या नोंदीचा क्रमांक बरोबर येईल, झीज अगदी पहिलीच चुकेल, आणि प्रकार सगळे 'पोर्टेबल'!

मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, मोठं आधी ठेवलं तर?" शाबास. झीज ०, क्रमांक ८, चॅनल १२, आणि १४ वर 'राखीव' नावाचं यूइंट१६_टी. एकूण १६, चारही ठिकाणी. भोकं उरलीच नाहीत, कारण भोकाच्या जागेलाच नाव दिलं.

ते राखीव फील्ड आपणच शून्य करायचं, आणि बाहेरून येणाऱ्या स्ट्रक्टमध्ये ते शून्य नसेल तर कर्नलने 'अवैध' म्हणून परत पाठवायचं. आज दुर्लक्ष केलं तर लोक तिथे कचरा पाठवतील, आणि उद्या त्या जागेला अर्थ द्यायचा झाला तर देता येणार नाही.

भोकांचा दुसरा त्रास सुरक्षेचा. २४ बाइटच्या मांडणीत १० बाइट कुणीच लिहीत नाही. कर्नल ते स्ट्रक्ट स्वतःच्या स्टॅकवर (तात्पुरत्या मेमरीत) भरून बाहेर देतो, तेव्हा त्या १० बाइटांत स्टॅकवरचं आधीचं काहीतरी आयतं बाहेर जातं.

काकांनी 'पॅक्ड' सुचवलं, म्हणजे मधली भर न घालता फील्ड चिकटवून ठेवायची. नको म्हटलं. पॅक्ड केलं की फील्ड कुठल्याही पत्त्यावर येतात. एम४ साधं अनअलाइन्ड (पटीत न बसणाऱ्या पत्त्यावरचं) लोड सोसतो, पण एलडीआरडी आणि एलडीएम या एकदम अनेक आकडे उचलणाऱ्या सूचना अशा पत्त्यावर थेट फॉल्ट देतात. कुणीतरी फील्डचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेणार आणि त्या पॉइंटरमागे नेमकी एलडीआरडी निघणार. क्रम नीट लावला तर पॅक्डची गरजच पडत नाही.

२७ जून

प्रत्येक स्ट्रक्टखाली स्टॅटिक असर्ट (बिल्ड करतानाच होणारी तपासणी): एकूण माप आणि प्रत्येक फील्डचं ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर). फक्त माप तपासणं पुरत नाही, सारख्या मापाच्या दोन फील्डांची अदलाबदल झाली तरी माप तेच येतं. गेटवेचा कम्पायलर इतका जुना आहे की त्याला २०११ चं असर्ट कळत नाही. त्याच्यासाठी चूक झाल्यास ऋण लांबीचा अ‍ॅरे जाहीर करायची जुनी युक्ती मॅक्रोत घातली. एरर विचित्र दिसतो, पण बिल्ड थांबतं.

बाइट ८ बिटांचाच आहे, याचंही एक असर्ट वर टाकलं.

३ जुलै

दुपारी धो धो पाऊस, लाइट गेली ती दोन तास. मकरपुऱ्यात हे नवं नाही. यूपीएसवर कागदी काम केलं.

विषय: स्ट्रक्टमधले पॉइंटर. 'इथे माझा बफर, इथे त्याची लांबी' असं सांगणारं स्ट्रक्ट कर्नलला जातं. पॉइंटर एकीकडे ४ आणि एकीकडे ८. उपाय सगळ्यांना माहीत आहे: पॉइंटर यूइंट६४_टी म्हणून पाठवायचा आणि लांबी पण सरळ यूइंट६४_टी. साइझ_टी (सी भाषेतला मापाचा प्रकार) सीमेवर नको, तोही पॉइंटरबरोबर लहानमोठा होतो.

खोच कास्टमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात नेण्यात, आहे. ३२ बिटी पॉइंटर एकदम ६४ बिटी पूर्णांकात टाकला तर जीसीसी हा कम्पायलर तो साइन-एक्स्टेंड करतो, म्हणजे सर्वांत वरचा बिट १ असेल तर वरचे सगळे ३२ बिट १ ने भरतो. हे त्यांच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. आतल्या रॅमचे पत्ते खालचे, २ पासून सुरू होणारे, म्हणून टेबलावर कधी काही दिसणार नाही. पण मोठ्या पेटीत बाहेरची एसडीरॅम आहे आणि तिचे पत्ते सोळा-पायी पद्धतीत सी पासून सुरू होतात, वरचा बिट चढलेला. तिथला बफर दिला की कर्नलच्या हातात भलताच ६४ बिटी पत्ता.

म्हणून कास्ट दोन पायऱ्यांत: आधी यूइंटपीटीआर_टी (पॉइंटरच्याच मापाचा अनसाइन्ड पूर्णांक), मग यूइंट६४_टी. यासाठी एकच मॅक्रो. हाताने कास्ट दिसला की रिव्ह्यूत परत. आणि एम४ च्या कर्नलने वरचे ३२ बिट शून्य आहेत का ते बघायचं, नसतील तर कॉल नाकारायचा. निमूटपणे छाटून पुढे जायचं नाही.

९ जुलै

आजचा दिवस सत्कारणी. रिस्क-फाइव्हची कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला आकडे कसे द्यायचे त्याचे नियम) शांतपणे वाचली.

६४ बिटी रिस्क-फाइव्हवर ३२ बिटी आकडा रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या खणातून) जाताना साइन-एक्स्टेंड होऊन जातो, आणि तो अनसाइन्ड असला तरीसुद्धा! वरचा बिट चढलेला यूइंट३२_टी पाठवला की रजिस्टरचे वरचे ३२ बिट सगळे १. साधारण कॉलमध्ये दोन्ही बाजू एकाच कम्पायलरने बांधलेल्या, त्यामुळे ते आपसांत जुळवून घेतात. सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाकेत, समोरचा कोण हे कर्नलला ठाऊक नसतं. असेंब्लीत लिहिणारा माणूस वरच्या अर्ध्यात हवं ते घालून 'ईकॉल' (कर्नलला हाक मारायची सूचना) मारू शकतो. आणि आत यूइंट३२_टी घेणारं फंक्शन असेल तर कम्पायलर धरून चालतो की नियम पाळलाय. सीमा तपासताना खालचा अर्धा बघेल आणि अ‍ॅरेत जाताना अख्खं रजिस्टर वापरेल.

हे कल्पनेतलं भूत नाही. लिनक्समध्ये नेमकी हीच फट निघाली होती, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२००९-००२९: एस३९०, पॉवरपीसी, स्पार्क६४ आणि मिप्सच्या ६४ बिटी कर्नलमध्ये. त्यानंतर तिथे सिस्टिम कॉल जाहीर करायचे मॅक्रो आले, जे प्रत्येक आर्ग्युमेंट आधी लाँग म्हणून घेतात आणि मग कर्नलच्या आत स्वतः खऱ्या प्रकारात उतरवतात.

आपणही तेच. दारातलं फंक्शन सगळी आर्ग्युमेंट अख्ख्या रजिस्टरच्या मापाने घेणार, तिथेच उघड कास्ट, मग आतलं फंक्शन. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "हे आपल्या एम४ वर कधी उद्भवलंच नसतं." बरोबर. ३२ बिटी रजिस्टरला वरचा अर्धा नसतोच.

त्याच ओघात उलट प्रश्न: एम४ वर ६४ बिटी आर्ग्युमेंट. ते दोन रजिस्टरांत जातं आणि एआरएमच्या नियमाने जोडी सम क्रमांकापासून सुरू व्हायला हवी. पहिलं आर्ग्युमेंट आर० मध्ये, दुसरं ६४ बिटी असेल तर आर१ मोकळं सोडून आर२-आर३. रिस्क-फाइव्हवर एकच रजिस्टर. असेंब्लीतला दरवाजा दोन्हीकडे वेगळा लिहावा लागणार. त्यापेक्षा नियम केला: ६४ बिटी आकडा रजिस्टरमधून नाही, स्ट्रक्टमधून. रजिस्टरमधून फक्त ३२ बिटी आकडे आणि एक पत्ता. काकांना हा नियम आवडला, त्यांना कमी नियम आवडतात.

१५ जुलै

इनम. बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) एआरएमच्या जीसीसीत इनम मावेल तेवढाच लहान होतो, म्हणजे 'बंद, चालू, बिघाड' असा तीन किमतींचा इनम एका बाइटचा. रिस्क-फाइव्हवर तोच ४ बाइट. २०२३ च्या सी मानकात इनमचा मूळ प्रकार ठरवून देता येतो, पण जुन्या पेटीचा कम्पायलर गोठवलेला आहे, त्यामुळे ते आपल्या उपयोगाचं नाही. फील्ड यूइंट३२_टी, किमती डिफाइनने.

कॅरॅक्टर. सेन्सरची तापमान-दुरुस्ती नुसत्या कॅरॅक्टरमध्ये होती. एआरएमवर आणि रिस्क-फाइव्हवर तो अनसाइन्ड, इंटेलवर साइन्ड. दुरुस्ती उणे ५ असेल तर पेटी २५१ वाचणार आणि गेटवे उणे ५. इंट८_टी केलं.

बूल (खरं-खोटं) आणि बिटफील्ड (मोजक्या बिटांचं फील्ड), दोन्ही हद्दपार. बिटफील्डचे बिट कुठून भरायचे ते कम्पायलर ठरवतो, चर्चाच नको. मास्क आणि शिफ्ट.

संध्याकाळी सगळे मिळून शेव उसळ खायला गेलो. तिखट इतकं की मुलगा गप्प झाला. एरवी तो गप्प बसत नाही.

२२ जुलै

वेळेचा प्रश्न. जुन्या हेडरमध्ये १९७० पासूनचे सेकंद, साइन्ड ३२ बिटांत. ते १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात; पुढचा सेकंद १९०१ सालात.

काकांचं म्हणणं, अनसाइन्ड करून टाक, २१०६ पर्यंत बघायला नको. मी अडून बसले, आणि कारण साधं आहे. ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षं तर सहज चालतो. या वर्षी लागलेली पेटी २०३८ मध्ये सेवेत असणारच, म्हणजे बदल आत्ताच हवा, यावर काकाही राजी. पण अनसाइन्डमध्ये दोन वेळांची वजाबाकी उलटी झाली की उणे तीन सेकंदांऐवजी चारशे कोटींच्या वर आकडा येतो, आणि आपलं अलार्मचं सगळं तर्कशास्त्र वजाबाकीवर उभं आहे.

मोठ्यांनी काय केलं ते बघितलं. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत सगळ्या प्लॅटफॉर्मवर टाइम_टी (वेळेचा प्रकार) ६४ बिटी केला, जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगतता सरळ तोडून. लिनक्सला तशी तोडता येत नाही. त्यांनी ३२ बिटी मशिनांसाठी ६४ बिटी वेळेचे नवे कॉल शेजारी उभे केले. आणि ३२ बिटी रिस्क-फाइव्ह उशिरा आला म्हणून तिथे जुने कॉल दिलेच नाहीत.

निर्णय: इंट६४_टी, १९७० पासूनचे नॅनोसेकंद. एकच फील्ड, भोक नाही, २२६२ पर्यंत पुरतं. सेकंद आणि नॅनोसेकंद वेगळे ठेवले असते तर शेजारी राखीव फील्ड आलं असतं. किंमत एकच: एम४ ला ६४ बिटी भागाकार हार्डवेअरमध्ये येत नाही, लायब्ररीचं फंक्शन बोलवावं लागतं आणि ते हळू आहे. म्हणून इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच थांबवून करायला लावलेल्या कामात) भागाकार नाही. तिथे घड्याळाचे कच्चे टिक, रूपांतर सीमेवर.

२८ जुलै

वॉर्निंगचा पूर. प्रिंटएफचे (आकडे छापणाऱ्या फंक्शनचे) सगळे फॉरमॅट रुसले. यूइंट६४_टी रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड लाँग, बाकी तिघांकडे अनसाइन्ड लाँग लाँग. आणि एम४ च्या लायब्ररीत चक्क यूइंट३२_टी हाच अनसाइन्ड लाँग आहे, त्यामुळे साधा 'टक्के यू'सुद्धा चालत नाही. मानकातले पीआरआय मॅक्रो वापरायचे. दिसायला कुरूप आहेत, इलाज नाही. काकांनी वॉर्निंग बंद करण्याचा पर्याय मांडला, तो नोंदवून ठेवते आणि पुढे जाते.

जाता जाता: दोन यूइंट१६_टी गुणले तर गुणाकार साइन्ड इंटमध्ये होतो. ६५५३५ गुणिले ६५५३५ त्यात मावत नाही. सीटी रेशोच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराच्या) कोडमध्ये आधी यूइंट३२_टी करून गुणायचं.

५ ऑगस्ट

बाइटचा क्रम. चौघंही लिटल-एंडियन (धाकटा बाइट आधी), त्यामुळे आज प्रश्न नाही. हेडरच्या माथ्यावर तसं लिहिलं आणि असर्ट टाकलं. मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलचे रजिस्टर बिग-एंडियन (थोरला बाइट आधी) असतात, पण ती उलटापालट मॉडबसच्या प्रोग्रॅमने करायची, कर्नलने नाही.

१२ ऑगस्ट

मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय: हेडरमधल्या प्रत्येक स्ट्रक्टचं माप आणि प्रत्येक फील्डचं ऑफसेट छापतो. चारही ठिकाणी बांधून चालवला, एम४ आणि रिस्क-फाइव्ह क्यूईएमयू या एम्युलेटरवर, उरलेले दोन खऱ्या मशिनवर, आणि चारही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. फरक शून्य. "बधुं बराबर छे!" म्हणून ओरडला, घाईत त्याला गुजरातीच सुचतं. असर्ट असताना हे कशाला, असं काकांनी विचारलं. असर्टमधले आकडे माणसाने लिहिलेत. नवं स्ट्रक्ट घालताना असर्ट घालायचं कुणी विसरलं तर ही यादी पकडेल. रोजच्या बिल्डमध्ये लावली.

शिवाय पाहोल नावाचं टूल चालवून भोकं शोधली. सीमेवरच्या स्ट्रक्टांत एकही नाही. कर्नलच्या पोटात भरपूर आहेत, तिथे राहू देत.

१९ ऑगस्ट

राहिलं होतं ते जुन्या पेट्यांचं. फील्डमध्ये लागलेल्या पेट्यांत जुन्या मापांवर बांधलेले प्रोग्रॅम आहेत आणि त्यांचा सोर्स सगळ्यांचा आपल्याकडे नाही. जुन्या कॉलचा अर्थ बदलला तर ते मरतील. म्हणून कॉल क्रमांक १ ते १९ एम४ वर जुन्याच स्ट्रक्टांसह चालू ठेवायचे. ती स्ट्रक्टं वेगळ्या हेडरमध्ये हलवली. रिस्क-फाइव्हवर ते क्रमांक 'असा कॉल नाही' एवढंच सांगतील. नवे कॉल ३२ पासून. मोकळे पडलेले क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचे नाहीत.

नव्या प्रत्येक कॉलला स्ट्रक्टच्या पत्त्याबरोबर त्याचं मापही जातं, लिनक्सच्या ओपनॅट२ या कॉलसारखं. प्रोग्रॅम जुना आणि कर्नल नवा असेल तर कर्नल उरलेली फील्डं शून्य धरतो; उलट असेल तर जास्तीचे बाइट शून्य आहेत का बघतो आणि नसतील तर नाकारतो.

२५ ऑगस्ट

हेडर गोठवलं, टॅग लावला. परवा गणपती, त्यामुळे दोन दिवस दांडिया बझारातल्या घरी, फोन लागेलच असं नाही. जुन्या १९ कॉलचे अनुवादक काका लिहिताहेत, त्यांचीच स्ट्रक्टं आहेत. विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं हेडर मुलगा बसवेल. दोन पायऱ्यांचा कास्ट-मॅक्रो तिथे उगीच वाटेल, तरी काढू नये. गेटवेवरचं बिल्ड सुट्टीनंतर मी स्वतः बघते.